लांडगा, कोकरू आणि उसातला बिबट्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अकरावा अध्याय वाचून झाला की कोल्हापुरात जे प्रश्न येतात, ते दोन जातीचे असतात. शहरातला माणूस विचारतो, "हे रूपक समजायचं का?" राधानगरी, शाहूवाडी, आजऱ्याकडचा पाहुणा विचारतो, "हे कधी होणार ते सांगा, काल रात्री गवा आमच्या उसात होता." दोघांच्याही प्रश्नांना इथे जागा दिली आहे. उत्तरं एका वाचकाची आहेत. कुठल्याही मंडळीचं (चर्चचं) अधिकृत मत म्हणून ती घेऊ नयेत.

उताऱ्यात नेमकं काय सांगितलं आहे?

यशया 11, ओवी 6 ते 9. लांडगा कोकराच्या शेजारी राहील. बिबट्या करडाजवळ बसेल. वासरू, सिंहाचा छावा आणि पोसलेलं जनावर एकत्र असतील आणि एक लहान पोर त्यांना वळील. गाय आणि अस्वल एकत्र चरतील, त्यांची पिल्लं एकाच ठिकाणी बसतील. सिंह बैलासारखा कडबा खाईल. तान्हं बाळ नागाच्या बिळाशी खेळेल आणि नुकतंच अंगावरून सुटलेलं मूल विषारी सापाच्या बिळात हात घालील. देवाच्या पवित्र डोंगरावर कुणी कुणाला इजा करणार नाही.

आता जोड्या नीट बघा. लांडग्यासोबत हरिण नाही, कोकरू आहे. बिबट्यासोबत करडू, सिंहासोबत वासरू, अस्वलासोबत गाय, नागासोबत घरातलं बाळ. प्रत्येक जोडीत एक जण रानातला आणि दुसरा गोठ्यातला किंवा घरातला. रानातल्या रानात प्राण्यांचं कसं चालतं याबद्दल यशया इथे बोलतच नाही. तो बोलतोय ते शेताच्या बांधावर, जिथे रान संपतं आणि आपलं दावं सुरू होतं तिथल्या गोष्टींबद्दल. म्हणून मला वाटतं, हा उतारा वातानुकूलित खोलीत बसून जेवढा कळेल त्यापेक्षा दाजीपूरच्या वाटेवरच्या वाडीत जास्त कळतो. जनावरं राखायला पाठवलेलं पोर म्हणजे काय, आणि ते अंधार पडला तरी परतलं नाही म्हणजे काय, हे तिथे समजावून सांगावं लागत नाही.

"सिंह आणि कोकरू" हे कुठल्या ओवीत आहे?

कुठल्याच नाही. ते कॅलेंडरवर आहे. यशयात कोकराजवळ लांडगा आहे, 11:6 मध्येही आणि 65:25 मध्येही.

हे कधीचं आहे आणि कोणाला सांगितलं?

इ.स.पू. आठव्या शतकातलं, यरुशलेमातलं. अश्शूरचं साम्राज्य त्या काळी एकेक राज्य गिळत चाललं होतं. इ.स.पू. 722 च्या सुमारास उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन पडली, लोक कैद करून दूर नेले गेले. इ.स.पू. 701 मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदातली, म्हणजे यरुशलेमच्या राज्यातली, गावं लुटली.

याचा प्राण्यांशी काय संबंध, असं वाटेल. थेट संबंध आहे. लढाईने गावं ओस पडली की शेतात रान माजतं आणि रानामागून जनावरं येतात. शोमरोन रिकामं झाल्यावर तिथे नव्याने वसवलेल्या लोकांवर सिंह चालून आले, असं 2 राजे 17 मध्ये लिहिलं आहे. निर्गम 23:29 मध्ये तर देव स्वतःच म्हणतो की या देशातल्या लोकांना मी एकाच वर्षात घालवणार नाही, नाहीतर जमीन ओसाड पडेल आणि वनपशू वाढतील. म्हणजे रानटी जनावरांचा उपद्रव आणि माणसांची आपापसातली मारामारी हे त्या लोकांच्या लेखी एकाच दुखण्याचे दोन भाग होते.

म्हणूनच अकरावा अध्याय लांडग्यापासून सुरू होत नाही. तो सुरू होतो तोडलेल्या झाडापासून. दहाव्या अध्यायाच्या शेवटी अश्शूरचं रान तोडलं जातं आणि लगेच इशायाच्या बुंध्याला, म्हणजे दावीदाच्या घराण्याला, उसाच्या खोडव्यासारखा कोंब फुटतो. तो येणारा राजा गरिबांचा न्याय नीतीने करील, डोळ्यांना दिसतं तेवढ्यावरून निकाल देणार नाही. हे सगळं 1 ते 5 ओव्यांत. लांडगा नंतर येतो. आधी गरिबाला न्याय, मग कोकराला अभय, हा क्रम वाचताना गाळला की उरतं ते फक्त भिंतीवर लावायचं चित्र.

मग हे अक्षरशः घ्यायचं की रूपक म्हणून?

वाद फार जुना आहे. दुसऱ्या शतकातले लियोंचे बिशप आयरेनियस यांनी याची दखल घेतली होती. काही जण म्हणतात की लांडगा म्हणजे क्रूर माणसं, जी विश्वास ठेवल्यावर निवळतात, हे त्यांना ठाऊक होतं आणि मान्यही होतं. पण त्यांचं म्हणणं, पुनरुत्थानाच्या काळात हे प्राण्यांच्या बाबतीतही खरोखर घडेल. पुढे ते असा काही प्रश्न टाकतात की शेतकऱ्यानेच विचारावा: ज्या गव्हाचं काड सिंहाला मानवेल, त्या गव्हाचा दाणा किती कसदार असेल!

यहुदी पंडितांतही दोन तट होते. बाराव्या शतकातले मायमोनिदीस म्हणत की मसीहाच्या, म्हणजे येणाऱ्या तारणाऱ्या राजाच्या, दिवसांत सृष्टीचे नियम बदलणार नाहीत. लांडगा म्हणजे शेजारची दांडगी राष्ट्रं. आज आपल्याकडे जे प्रकटीकरण 20 मधलं हजार वर्षांचं राज्य शब्दशः मानतात, ते हा उतारा त्या राज्यात बसवतात. बाकीचे तो नव्या आकाशाच्या आणि नव्या पृथ्वीच्या खात्यात टाकतात.

माझं मत विचाराल तर निव्वळ रूपक म्हणणाऱ्यांनी रोमकरांस पत्र 8:19 ते 22 पुन्हा वाचावं. तिथे प्रेषित पौल सांगतो की सगळी सृष्टी कण्हते आहे आणि तिलाही नाशाच्या दास्यातून सुटका मिळणार आहे. सुटका फक्त माणसाची असती तर सृष्टीचं कण्हणं मध्ये आणायचं कारण नव्हतं. सिंहाच्या आतड्यांचं काय होईल, दातांचं काय होईल, या चर्चेत मात्र मला रस नाही. ज्याने ती आतडी घडवली त्याच्याकडे तो प्रश्न सोडावा.

बायबलमध्ये असं वचन फक्त यशयातच आहे का?

नाही, बरंच आहे, आणि सगळं एकसारखं नाही. खरी मेख इथेच आहे.

लेवीय 26:6 मध्ये देव म्हणतो, देशातून मी हिंस्र पशू नाहीसे करीन. यहेज्केल 34:25 मध्येही तसंच: शांतीचा करार करीन, दुष्ट पशू देशातून घालवीन, मग लोक रानात निर्धास्त झोपतील. खुद्द यशयाच्याच 35 व्या अध्यायात परतीच्या वाटेवर सिंह नसेल असं म्हटलं आहे. ही झाली एक तऱ्हा: जनावर जातं, माणूस सुटतो. कुठल्याही ग्रामसभेत ठराव मांडला तर हाच मंजूर होईल.

दुसरी तऱ्हा यशया 11 ची आणि होशेय 2:18 ची. इथे जनावर कुठेही जात नाही. होशेयात देव वनपशू, पाखरं आणि जमिनीवर सरपटणारे जीव यांच्याशी करार करतो, आणि त्याच ओवीत धनुष्य आणि तलवार मोडून लढाई बंद करतो. ईयोबाच्या पुस्तकात तर (5:23) वनपशू तुझ्याशी सलोख्याने राहतील असं म्हणताना शेतातल्या दगडांशीही तुझा करार होईल असं म्हटलंय. नांगराचा फाळ मोडलेला माणूसच असं लिहील!

या दोन तऱ्हांवर जुन्या रब्बींची, म्हणजे यहुदी धर्मगुरूंचीही जुगलबंदी झाली आहे. लेवीयातल्या वचनाबद्दल रब्बी यहूदा म्हणाले, देव त्या पशूंना जगातून काढून टाकील. रब्बी शिमोन म्हणाले, नाही, ते असतील, पण इजा करायचे थांबतील. कारण देवाची थोरवी कशात जास्त, इजा करणारेच नसण्यात की ते असूनही इजा न होण्यात? मी शिमोनच्या बाजूचा. बिबट्या पिंजऱ्यात घालून दुसऱ्या रानात सोडला की प्रश्न सुटला असं मानणाऱ्यांनी ते उत्तर जरा चघळून पाहावं.

गवा आणि हत्ती तर गवतच खातात. मग सिंहाने कडबा खाऊन आमचं काय भलं होणार?

हा प्रश्न आजरा-चंदगडकडून येतो आणि अगदी रास्त आहे. या शतकाच्या सुरुवातीला कर्नाटकातून हत्ती इकडे उतरले आणि दाजीपूरचा गवा तर पिढ्यान्‌पिढ्यांचा. 1958 मध्ये तिथे अभयारण्य झालं ते त्याच्यासाठीच. गवा अधूनमधून थेट कोल्हापूरच्या वेशीपर्यंत येतो. या दोघांचं मांसाशी काही देणंघेणं नाही. भांडण आहे ते ऊस, भात, नाचणी, केळीवरून. एका रात्रीत हत्ती केळीची बाग भुईसपाट करतो, आणि सकाळी बांधावर उभ्या माणसाला यशया 11 ऐकवण्यात अर्थ नसतो.

त्याच्यासाठी होशेयच बरा. त्याच दुसऱ्या अध्यायात, कराराच्या सहाच ओव्या आधी (2:12), द्राक्षमळे आणि अंजिराची झाडं यांचं रान होऊन वनपशू ते खाऊन टाकतील असं सांगितलं आहे. म्हणजे होशेयचा प्रश्न पिकाच्या नासाडीचाच होता. करार होतो तो याच जनावरांशी. करार म्हटला की दोन्ही बाजूंना काहीतरी मिळायला हवं, आणि मोशेच्या नियमशास्त्रात ते दिलेलं दिसतं: निर्गम 23:11 प्रमाणे सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, उगवेल ते गरिबांनी खायचं आणि त्यांच्यापासून उरलेलं वनपशूंनी. वनपशूचा वाटा कायद्यात लिहून ठेवला आहे. आपण मात्र सड्यावरचं गवत जाळून आणि डोंगराच्या कडेपर्यंत ऊस लावून तो वाटा कधी संपवला ते आपल्यालाही कळलं नाही.

माणसाळवलेला प्राणी म्हणजेच ही शांती नव्हे का?

नव्हे. कोल्हापूरला हे पटायला हवं, कारण माणसाळवण्यात आपण कुणाला हार गेलो नाही. संस्थानच्या काळात इथे शिकारीसाठी चित्ते पाळले जात. चित्तेवान त्यांना डोळ्यांवर पट्टी बांधून माळावर नेत आणि काळवीट दिसलं की पट्टी काढत. चित्ता मालकाशेजारी मांजरासारखा बसे, हे खरं. पण काळविटाला त्यातून काय मिळालं? साठमारीच्या, म्हणजे झुंजीच्या खेळातल्या, हत्तीचंही तेच. नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण दुसरीकडे हलवल्यावरून 2025 मध्ये सगळा जिल्हा रस्त्यावर उतरला, त्यात माया होतीच. ती कुठे असावी या वादात मी इथे शिरत नाही. पण साखळीतल्या जनावरावरची माया आणि यशयाचं चित्र या वेगळ्या गोष्टी आहेत.

ईयोब 39:9 ते 12 वाचा. देव ईयोबाला विचारतो, रानबैल तुझी चाकरी करील का? तुझ्या गव्हाणीपाशी रात्र काढील का? त्याला तासाला जुंपशील का? तुझं धान्य खळ्यावर आणायला त्याच्यावर विसंबशील का? तो रानबैल बहुधा युरोप आणि पश्चिम आशियातला ऑरॉक्स, आपल्या गव्याचाच भाऊबंद. त्यातली शेवटची गाय 1627 मध्ये पोलंडमध्ये मेली. देव तिथे त्या जनावराच्या रानटीपणाचं कौतुक करतोय. यशयातही लांडग्याच्या गळ्यात पट्टा नाही आणि सिंह गव्हाणीला बांधलेला नाही.

भविष्यवाणी पुरी होईपर्यंत काय? देवाने काही वाटणी घालून दिली आहे का?

स्तोत्र 104, ओवी 20 ते 23. रात्र होते तेव्हा रानातले सगळे पशू बाहेर पडतात, सिंहाचे छावे गर्जना करून देवापाशी आपलं भक्ष्य मागतात. सूर्य उगवला की ते माघारी जाऊन गुहेत पडतात, आणि मग माणूस आपल्या कामाला निघतो व संध्याकाळपर्यंत राबतो. जागा एकच, वेळ वाटून घेतलेली. रात्र त्यांची, दिवस आपला.

आता भोगावतीच्या किंवा कासारीच्या खोऱ्यात रात्री दीड वाजता उसाला पाणी पाजणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. शेतीपंपाची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. रात्रपाळी असली की खांद्यावर खोरं, हातात बॅटरी. एक सरी भरली की दार मोडून पाणी पुढच्या सरीत सोडायचं, आणि उसात कुठे सळसळ झाली की पाण्यात तसंच उभं राहून कानोसा घ्यायचा, वारा आहे की जनावर. तो हौसेने बिबट्याच्या वेळेत गेलेला नाही. मोटर चालते तेव्हा जावंच लागतं. दिवसा वीज मिळावी म्हणून जिल्ह्यात आंदोलनं झाली. ती मागणी कुणाला राजकारण वाटेल, मला ती 104 व्या स्तोत्राची अंमलबजावणी वाटते. मंडळीत रानातल्या संकटापासून राखण मागताना दिवसाच्या लाईटसाठीही प्रार्थना व्हावी, आणि प्रार्थनेनंतर निवेदनावर सह्याही.

येशूचा याच्याशी काय संबंध?

मार्क 1:13. अरण्यातल्या चाळीस दिवसांत तो वनपशूंमध्ये होता. एवढंच वाक्य, तेही फक्त मार्कात. त्याने त्यांना हाकललं नाही आणि त्यांनी त्याला फाडलं नाही. ज्यांना यशया पाठ होता त्यांना यातला इशारा पुरेसा होता.

बाळ नागाच्या बिळाशी खेळेल म्हणतात. मग विश्वास असलेल्याने साप हाताळायला हरकत काय?

हरकत आहे. लूक 4 मध्ये सैतान येशूला मंदिरावरून उडी टाकायला सांगताना 91 वं स्तोत्र म्हणून दाखवतो. त्याच स्तोत्राच्या पुढच्याच ओवीत सिंह आणि नाग यांना पायाखाली तुडवण्याचं वचन आहे. येशूचं उत्तर: तुझा देव परमेश्वर याची परीक्षा पाहू नको. मलिता (आजच्या माल्टा) बेटावर पौलाच्या हाताला साप डसला (प्रेषितांची कृत्ये 28), तो जळणाच्या काटक्या गोळा करताना. साप शोधायला तो गेला नव्हता. मार्क 16 मधली सर्प उचलण्याची ओवी तर सर्वांत जुन्या हस्तलिखितांमध्ये नाहीच.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं, यांपैकी काहीही चावलं तरी आवळून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, मंत्र्याकडे नेऊ नका. माणसाला हालचाल करू न देता, धीर देत, लस मिळेल अशा दवाखान्यात न्या. कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. तिथे नेऊन मग मनसोक्त प्रार्थना करा.

असं चित्र फक्त बायबलमध्येच आहे का?

नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या जैन मंदिरांत सिंह आणि गाय एकाच भांड्यात पाणी पितात, सिंहिणीला वासरू आणि गाईला छावा लुचतो, हे शिल्प किंवा चित्र पाहिलं असेल. तिथे ती मैत्री तीर्थंकरांच्या सान्निध्यात, समवसरणात म्हणजे त्यांच्या उपदेशसभेत होते. यशयात ती न्यायी राजाच्या राज्यात होते आणि तिच्यात शेताचा, गोठ्याचा, कडब्याचा वास आहे. जैन शेजाऱ्याबरोबर बसून हे दोन्ही एकदा बोलावं, गप्पा रंगतात.

मग ख्रिस्ती माणसाने मटण सोडावं का?

हा प्रश्न हसत हसत विचारला जातो आणि उत्तराची वाट पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर काळजी असते. तांबडा-पांढरा सोडायचा म्हणजे काय!

उत्पत्ती 1:29-30 प्रमाणे सुरुवातीला माणूस आणि प्राणी, दोघांनाही वनस्पतीच दिल्या होत्या. जलप्रलयानंतर, 9:2-3 मध्ये, मांसाची परवानगी येते, आणि तिच्या आदल्याच ओवीत सगळ्या प्राण्यांवर माणसाची दहशत बसेल असं सांगितलं आहे. ताट आणि दहशत एकाच दिवशी आली. यशया त्या दहशतीच्या पलीकडचं बघतोय, म्हणून त्याचा सिंह कडबा खातो. पण आज्ञा म्हणाल तर नाही. पुनरुत्थानानंतर येशूने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला. रोमकरांस पत्र 14 मध्ये पौल सांगतो की खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. रविवारच्या जेवणावळीपुरतं एवढं पुरे.

हे नक्की कोणत्या साली होईल?

साल सांगणाऱ्याला वर्गणी देऊ नका.

शेतात खरंच बिबट्या किंवा गवा आला तर प्रार्थना करू की फोन?

दोन्ही, पण फोन आधी. वनविभागाचा क्रमांक 1926. गर्दी जमवू नका, मोबाईल घेऊन गव्यामागे पळू नका. बिथरलेला गवा माणूस बघत नाही. उसात बिबट्याची पिल्लं दिसली तर उचलू नका, तोड थांबवून बाजूला व्हा, मादी परत येते.

शेळी, मेंढी, वासरू मारलं गेलं असेल तर कलेवर जागचं हलवू नका, पंचनामा होऊ द्या. त्यावरच भरपाई ठरते. निर्गम 22:13 मध्येही राखणदाराला हेच सांगितलं आहे: जनावर वनपशूने फाडलं असेल तर त्याने ते पुरावा म्हणून आणावं, मग त्याच्याकडून भरपाई मागायची नाही. आमोसाचा मेंढपाळ (3:12) सिंहाच्या तोंडातून दोन तंगड्या किंवा कानाचा तुकडा ओढून काढतो, तोही बहुधा याच हिशेबासाठी.